एक लाख एक हजारांची फेलोशिप

ऑगस्ट २०२४ मध्ये मला अमेरिकेतल्या एका विद्यापीठाची नऊ महिन्यांची फेलोशिप मिळाली आणि त्याच महिन्याच्या शेवटी ती नव्हतीच असं कळलं. मधल्या दिवसांत माझ्या खात्यातून एक लाख एक हजार रुपये गेले. आकडा बघा, लग्नात आहेर केल्यासारखा. हे लिहायला मला जवळजवळ वर्ष लागलं, आणि त्याचं कारण पैसे नव्हतं.

मी सातारा जिल्ह्यातल्या एका अनुदानित महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवते. पीएच.डी. सेरोपेजियावर, म्हणजे आपल्या खरपुडीवर. सह्याद्रीच्या कड्यांवर पावसाळ्यात येणारी, कंदिलासारख्या फुलांची ही वेल. माशी वासाला भुलून नळीत उतरते, आतले केस खालच्या दिशेने असल्यामुळे तिला वर येता येत नाही, आणि परागीभवनाचं काम झालं की केस सुकतात, मग सुटका होते. पुढे सगळं कळल्यावर आमचे हे म्हणाले, "तुझ्या त्या माशीची तरी सुटका होते गं." तेव्हा हसू आलं नाही. आता येतं.

६ ऑगस्टला मेल आला. एका 'इंटरनॅशनल अ‍ॅकॅडेमिक एक्स्चेंज' प्रतिष्ठानाकडून. नावात इतके भारदस्त शब्द होते की असं काहीतरी आपण कधीतरी ऐकलंय असं वाटावं. भिकार इंग्रजीतला, "डियर सर/मॅडम, यू हॅव वन" छापाचा मेल असता तर मी तो वाचलाही नसता. यात माझ्या २०२१ च्या पेपरचं नाव होतं, ऊतिसंवर्धनातल्या माझ्या प्रयोगावर दोन नेमकी वाक्यं होती, आणि अमेरिकेतल्या ज्या प्राध्यापकांचे पेपर मी वर्षानुवर्षं संदर्भाला देत आले त्यांच्या प्रयोगशाळेत येण्याचं आमंत्रण होतं. माझा पेपर कुणीतरी वाचलाय, या एका गोष्टीने मी अर्धी खलास झाले. ती दोन वाक्यं माझ्याच गोषवाऱ्यातून उचलली होती. स्वतःचीच वाक्यं ओळखू आली नाहीत, इतकी मी खूश होते.

साताऱ्याकडच्या प्राध्यापकाच्या आयुष्यात दोन कास असतात. एक फुलांचं पठार, दुसरं करिअर अ‍ॅडव्हान्समेंट स्कीम, म्हणजे बढतीचं 'कॅस'. त्या दुसऱ्या कॅससाठी यूजीसीच्या २०१८ च्या नियमावलीत आंतरराष्ट्रीय फेलोशिपला ७ गुण आहेत, राष्ट्रीयला ५. गुणांपेक्षा मोठी गोष्ट म्हणजे बायोडेटातली ती एक ओळ. ज्यांच्याकडे ती आहे त्यांना प्राचार्य पाहुण्यांशी ओळख करून देताना आधी बोलावतात. आमच्याकडे एक सर पूर्वी फुलब्राइट या अमेरिकी फेलोशिपवर जाऊन आलेत. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, तरी त्यांचा उल्लेख 'अमेरिकेचे सर' असाच होतो.

या सरांचं घर माझ्या घरापासून चालत दहा मिनिटांवर आहे. त्यांना मी पहिल्याच दिवशी विचारलं असतं तर हा लेख झाला नसता. विचारलं नाही. मेलमध्ये लिहिलं होतं की अधिकृत घोषणेपर्यंत निवडीबाबत गोपनीयता पाळावी. पण खरं सांगायचं तर त्यांनी लिहिलं नसतं तरी मी कुणाला सांगणार नव्हते. स्टाफरूममध्ये असल्या गोष्टी पत्र हातात पडेपर्यंत बोलायच्या नाहीत, हा आमचा अलिखित नियम. नाही मिळाली तर चहाच्या वेळी "काय मॅडम, अमेरिका कुठवर आली?" हे वर्षभर ऐकायचं. मिळाली तर एनओसीच्या फायलीवर कुठे शेरा पडेल सांगता येत नाही. त्या लोकांना आमची स्टाफरूम आमच्याइतकीच ठाऊक होती.

१४ तारखेला व्हिडिओ कॉलवर मुलाखत झाली. बावीस मिनिटं. एक गृहस्थ दिसत होते, दुसऱ्यांचा कॅमेरा बंद. म्हणाले, बँडविड्थ कमी आहे. प्रश्न चांगले होते, हे आजही मान्य करते. २० तारखेला निवडपत्र. अर्ज ते निवड, चौदा दिवस.

ते पत्र माझ्याकडे अजून आहे. निळं लेटरहेड, उजवीकडे गोल शिक्का, खाली वळणदार सही. दुसऱ्या पानावर निधीचा तपशील: निर्वाह भत्ता, विमानप्रवास, संशोधन खर्च, कुटुंबासाठी भत्ता, एकूण १,०५,५०० डॉलर. हा आकडा मी किती वेळा वाचला असेन देव जाणे. रुपयांत करून वाचला, महिन्याला भागून वाचला. पण अमेरिकन माणूस एक लाख पाच हजार पाचशे लिहिताना स्वल्पविराम तीन आकड्यांनंतर देतो, १०५,५००. लाखाचा स्वल्पविराम आपल्याकडचा. तो डोळ्यांना खटकला नाही, कारण मीही तसाच लिहिते. पत्रावरची तारीखही २०/०८/२०२४ अशी होती, आधी दिवस मग महिना. आणि शेवटी ते अमेरिकन प्राध्यापक मला 'काइंडली डू द नीडफुल' म्हणत होते! आमच्या ऑफिसमधून सहसंचालकांना जाणाऱ्या प्रत्येक पत्राचा शेवट हाच असतो.

मग पैसे. २१ तारखेला प्रमाणपत्रांच्या मूल्यांकनाचे १४,५००. २३ ला सेव्हिस शुल्क, म्हणजे अमेरिकेत शिकायला-संशोधनाला येणाऱ्या परदेशी लोकांच्या सरकारी नोंदणीचं, २२० डॉलर म्हणून १८,५००. इथे त्यांची हुशारी दिसते. मी रात्री शोधून पाहिलं, तर जे-१, म्हणजे अशा एक्स्चेंज कार्यक्रमांच्या, व्हिसासाठी सेव्हिस शुल्क खरंच असतं आणि ते खरंच २२० डॉलर असतं. आकडा जुळला म्हणून माझी शंका फिटली. ते शुल्क अमेरिकी सरकारच्या स्वतःच्या संकेतस्थळावर भरायचं असतं, आणि फुलब्राइटसारख्या सरकारी कार्यक्रमांना तर ते माफ असतं, हे त्याच पानावर चार ओळी खाली होतं. तेवढं मी वाचलं नाही.

२७ ला आरोग्य विमा आणि 'परत मिळणारी अनामत', ६८,०००. या वेळी मोबाइलवर खात्याचा तपशील भरल्यावर समोर नाव आलं ते ना विद्यापीठाचं, ना प्रतिष्ठानाचं. परराज्यातल्या कुणा एका माणसाचं, बचत खातं. मी थांबले. खरंच थांबले, अंगठा वर धरून. व्हॉट्सअ‍ॅपवर विचारलं तर लगेच उत्तर, "आमचे भारतातले फॅसिलिटेशन पार्टनर आहेत, डॉलरचा खर्च वाचावा म्हणून." दुपारी साडेतीनला प्रॅक्टिकलची दुसरी बॅच येणार होती. मी पिन टाकला.

३० तारखेला चौथी मागणी आली, 'टॅक्स क्लिअरन्स' म्हणून ९६,०००. खात्यात तेवढे नव्हते. म्हणजे मला अक्कल आली असं नाही, पैसे संपले. ह्यांच्याकडे मागावे लागले, म्हणून सांगावं लागलं. ते जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहेत, स्वभाव शांत. सगळं ऐकून एवढंच म्हणाले, "शिष्यवृत्ती देतात ना गं? मग आपणच का देतोय?"

शनिवारी सकाळी 'अमेरिकेच्या सरां'कडे गेले. सरांनी पत्र चष्मा काढून, डोळ्यांजवळ धरून वाचलं. मला ते काही बोलले नाहीत. त्यांनी लॅपटॉप उघडून त्या विद्यापीठाच्या विभागाचं पान काढलं, तिथला प्राध्यापकांचा पत्ता मला दाखवला. तो डॉट ईडीयूने संपत होता. मला आलेले सगळे मेल डॉट ऑर्गवरून होते, विद्यापीठाच्या नावापुढे आडवी रेघ आणि 'एक्स्चेंज'. मग त्यांनी ते डॉट ऑर्गचं नाव कधी नोंदवलं गेलं ते पाहिलं. जून २०२४. "मॅडम, हे प्रतिष्ठान तुमच्या पावसाळ्याबरोबर उगवलंय," म्हणाले. मी त्या खऱ्या पत्त्यावर चार ओळी लिहिल्या. संध्याकाळी उत्तर आलं, अतिशय सभ्य. त्यांना अशा कुठल्याही फेलोशिपची कल्पना नव्हती. शेवटी लिहिलं होतं की सेरोपेजियावरचा माझा पेपर पाठवता आला तर पाठवावा, वाचायला आवडेल.

मी त्या उत्तरावर रडले, पैशांवर नाही.

सरांनी त्या दिवशी खरी पद्धत सांगितली, ती मला माहीत असायला हवी होती, कारण दरवर्षी विद्यार्थ्यांना शिष्यवृत्त्यांवर व्याख्यान मीच देते. २ फेब्रुवारी १९५० ला पंडित नेहरू आणि अमेरिकेचे राजदूत लॉय हेंडरसन यांनी करार केला, तेव्हापासून भारतात फुलब्राइट एका प्रतिष्ठानामार्फत चालतं. २००८ पासून दोन्ही सरकारं त्यात पैसे घालतात आणि फेलोशिपचं नाव फुलब्राइट-नेहरू झालं. अर्ज त्या प्रतिष्ठानाकडे, म्हणजे यूएसआयईएफकडे, दिल्लीच्या हेली रोडवरच्या फुलब्राइट हाउसकडे. मुंबईतही त्यांचं कार्यालय आहे. अर्जाला शुल्क नाही. जुलैत अर्ज केला तर निकाल पुढच्या वर्षी. मधे छाननी, मुलाखत, पुन्हा वाट. डीएस-२०१९ हा जे-१ व्हिसाला लागणारा कागद निवडीनंतर कार्यक्रमाचा प्रायोजकच देतो, त्याची 'प्रोसेसिंग' कुणा पार्टनरकडून विकत घ्यायची नसते. जर्मनीच्या डाड शिष्यवृत्तीला किंवा ब्रिटनच्या कॉमनवेल्थ शिष्यवृत्तीलाही अर्जाचे पैसे पडत नाहीत. "मला तर वाट बघून कंटाळा आला होता," सर म्हणाले. "चौदा दिवसांत आपल्याकडे साधी एनओसी निघत नाही."

१९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन त्याच सकाळी, सरांच्या ओसरीवरून लावला. लागायला वेळ गेला. तिकडून व्यवहाराचा यूटीआर क्रमांक, तारीख, वेळ, रक्कम, समोरच्याचं खातं विचारतात. हे सगळं आधी कागदावर उतरवून घ्या, मी पासबुक शोधण्यात दहा मिनिटं घालवली. मग सायबर गुन्ह्यांच्या सरकारी संकेतस्थळावर तक्रार, मग साताऱ्याला सायबर पोलिसांकडे. गुन्हा भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ आणि माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६६ ड याखाली नोंदवला. पहिल्या दोन रकमा तोवर तीन खाती फिरून एटीएममधून निघून गेल्या होत्या. तिसरीतले २३,४०० कुठल्याशा खात्यात गोठवले गेले. ते मिळायला न्यायालयाचा आदेश लागेल असं सांगण्यात आलं. २७ च्या संध्याकाळीच फोन केला असता तर जास्त अडले असते, हे तिथल्या हवालदारांनी न विचारता सांगितलं.

पासपोर्ट, पॅन, आधार सगळ्याच्या प्रती त्यांच्याकडे गेल्यात. आधारचं बायोमेट्रिक लॉक केलं, बँकेत लेखी कळवलं, तरी अनोळखी क्रमांकाचा फोन आला की पोटात गोळा येतो. गणपतीत असाच एक आला. 'तुमची गेलेली रक्कम दहा टक्क्यांवर मिळवून देतो,' म्हणे. माझी रक्कम त्याला रुपयापर्यंत माहीत होती. म्हणजे ही तीच माणसं, नाहीतर त्यांनी विकलेली यादी. आरतीची वेळ होती, मागे घंटा वाजत होती, मी फोन ठेवून दिला.

यंदा जुलैत, नॅकच्या बैठकीनंतर, मी हे सगळं स्टाफरूममध्ये सांगितलं. रकमेसकट. दोघांनी "अरेरे" केलं, एकांनी सायबर सुरक्षेवर कार्यशाळा घेऊ म्हणून सुचवलं, मग विषय बदलला.

दुसऱ्या दिवशी दुसऱ्या विभागातले एक सर ग्रंथालयात आले. मी हर्बेरियमचे जुने खंड चाळत होते. "मॅडम, एक पीडीएफ बघता का," म्हणाले. देश वेगळा होता, शिक्का वेगळा. मी सरळ दुसऱ्या पानावर गेले. आकड्यात स्वल्पविराम लाखाच्या जागी.

"भरले का?"

"परवा. चाळीस."

मी कागद पुढे सरकवला, यूटीआर उतरवून घ्यायला सांगितलं आणि त्यांच्या फोनवर १९३० लावून दिला. ग्रंथालयात त्या वेळी आम्ही दोघं आणि पंखा, बाकी कुणी नव्हतं. फोन लागला. सर उठून दाराकडे गेले, बाहेर कुणी आहे का पाहिलं, परत आले, आणि हलक्या आवाजात आपलं नाव सांगू लागले.