दोन ऑप्शन भांडले तर: थांबायचं, शेवटचा मानायचा, की इशारा देऊन पुढे जायचं?

स्वतःचं कमांड-लाइन टूल लिहिताय आणि हा निर्णय अडलाय, तर आधी सोपा भाग उरकून घेऊ. अनोळखी ऑप्शन आला की टूलने तिथेच थांबावं. जुन्या फायली साफ करणाऱ्या माझ्या एका स्क्रिप्टमध्ये असे ऑप्शन मुकाट्याने सोडून दिले जायचे. एकदा '--ड्राय-रन' लिहिताना मधली रेघ राहिली आणि नुसती यादी दिसण्याऐवजी फायली खरोखर पुसल्या गेल्या. गिट या कोडच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या टूलसारखा जवळचा शब्द सुचवणं चांगलंच, पण पुसणाऱ्या टूलने अंदाजाने काम सुरू करू नये.

खरा पेच परस्परविरोधी ऑप्शनचा.

फायली पुसणाऱ्या 'आरएम' कमांडमध्ये -आय (विचारून पूस) आणि -एफ (न विचारता पूस) दोन्ही दिले तर नंतर आलेला लागू होतो. युनिक्ससारख्या सिस्टिमसाठीच्या पॉझिक्स मानकातच तसं लिहिलंय. याची किंमत एलियस (कमांडला दिलेलं पर्यायी रूप) वापरताना कळते. रेड हॅट घराण्यातल्या लिनक्सवर रूटसाठी (सर्वाधिकार असलेल्या खात्यासाठी) 'आरएम' म्हणजे 'आरएम -आय' असतं, तरी पुढे -एफ लावला की विचारणा थांबते. तिथेच कॉपी करणारी 'सीपी'सुद्धा 'सीपी -आय' असते, पण लिनक्सवर असते त्या जीएनयूच्या 'सीपी'त -एफचा अर्थ वेगळा आहे: जिथे कॉपी करायची ती फाइल उघडत नसेल तर ती काढून पुन्हा प्रयत्न कर. त्यामुळे -आय रद्द होत नाही आणि 'सीपी -एफ' लिहूनही प्रत्येक फाइलीला प्रश्न येतो. मॅकवर मात्र नंतरचा -एफ आधीचा -आय रद्द करतो. एकच अक्षर, दोन वागणुकी. यात माणसं हकनाक अडकतात.

फायलींचा एक गठ्ठा म्हणजे अर्काइव्ह बनवणाऱ्या जीएनयू टारला -सी (अर्काइव्ह बनव) आणि -एक्स (अर्काइव्ह उघड) एकत्र दिले तर तो एरर देऊन एक्झिट कोड 2 ने (0 सोडून दुसरा कोड म्हणजे काम फसलं) बाहेर पडतो. इथे 'शेवटचा जिंकतो' धोक्याचं ठरलं असतं, कारण ही दोन वेगळी कामं आहेत आणि चुकीचं निवडलं तर अर्काइव्हवरच नवं लिहिलं जाईल.

तिसरी वाट, म्हणजे इशारा देऊन पुढे जाणं, डाउनलोड करणाऱ्या डब्ल्यूगेटमध्ये दिसते. -ओबरोबर (सगळं या एका फाइलीत लिही) -एन (वेळ पाहून नवीन असेल तरच आण) दिला तर 'वेळ तपासण्याचा इथे उपयोग नाही' असा इशारा देऊन तो डाउनलोड चालू ठेवतो. समोर माणूस असेल तर ठीक, पण पहाटे क्रॉनमधून (ठरलेल्या वेळी आपोआप कामं चालवणारी सोय) चाललेल्या कामाचा इशारा कोण वाचणार? मी ही वाट निवडणार नाही.

माझी निवड अशी: रंग, गप्प राहणं, विचारणं अशा एकाच प्रश्नाच्या दोन उत्तरांना शेवटचा जिंकू द्या; वेगवेगळ्या कामांना थांबवा. थांबवताना पहिल्या फाइलीला हात लावण्याआधी थांबवा आणि भांडणाऱ्या दोन्ही ऑप्शनची नावं एररमध्ये द्या.

पायथनच्या आर्गपार्स या ऑप्शन वाचणाऱ्या लायब्ररीत पहिल्यासाठी (शेवटचा जिंकू देण्यासाठी) दोन्ही ऑप्शनना एकच 'डेस्ट' (किंमत साठवायचं नाव) पुरतो. दुसऱ्यासाठी (थांबवण्यासाठी) 'म्युच्युअली एक्सक्लुझिव्ह ग्रुप' आहे, तोही कोड 2 नेच बाहेर पडतो. रस्ट भाषेतल्या क्लॅप या तशाच लायब्ररीत याच दोन गोष्टींसाठी 'ओव्हरराइड्स विथ' आणि 'कॉन्फ्लिक्ट्स विथ' असे दोन वेगळे मार्ग आहेत. आर्गपार्स वापरत असाल तर 'अलाउ ॲब्रेव्ह' (ऑप्शनचं नाव अर्धवट लिहिण्याची मुभा) बंद करा (पायथन 3.5 पासून ही सोय आहे). नाहीतर आज '--ड्राय' इतकं लिहूनही भागतं, आणि उद्या 'ड्राय'नेच सुरू होणारा दुसरा ऑप्शन आला की लोकांच्या स्क्रिप्टी मोडतात.