कार्टवरचा उलट मोजणारा टायमर: आठ महिने वापरल्यावर

दुकान शॉपिफायवर, म्हणजे ऑनलाइन दुकान उभं करून देणाऱ्या सेवेवर, चालतं. माल म्हणजे घरगुती मसाले, चटण्या आणि दिवाळीत फराळ. पाठवणी पुण्यातून कुरिअरने होते आणि गिऱ्हाईक बहुतेक मोबाइलवरचं. या दुकानात आठ महिन्यांत तीन तऱ्हेचे टायमर चालवून पाहिले. निकाल आधीच सांगायचा तर ‘एवढ्या वेळात ऑर्डर द्या, आजच पाठवतो’ हा कायमचा ठेवला. सणाच्या ऑफरचा टायमर वर्षातल्या मोजक्या दिवसांपुरता ठेवला. ‘तुमची कार्ट 10 मिनिटं राखून ठेवली आहे’ हा मात्र महिन्याभरात काढून टाकला.

काढलेल्यापासून सुरुवात करू, कारण तयार ॲप टाकलं की तोच आधी पुढे केला जातो. शॉपिफायमध्ये वस्तू कार्टमध्ये टाकली म्हणून साठ्यातून बाजूला निघत नाही. शेवटची बरणी दोघांच्या कार्टमध्ये असेल, तर जो आधी पैसे भरेल त्याची. वूकॉमर्स या ऑनलाइन दुकानाच्या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये ‘होल्ड स्टॉक’ (माल धरून ठेवणं) नावाची सेटिंग आहे आणि ती मुळात 60 मिनिटांवर असते, पण ती ऑर्डर तयार होऊन पैसे यायचे बाकी असतील तेव्हा लागू होते. नुसत्या कार्टला नाही. म्हणजे ‘राखून ठेवली’ हे वाक्यच खोटं. सिनेमाच्या तिकिटाची खुर्ची काही मिनिटं खरोखर अडवलेली असते, म्हणून तिथला टायमर पटतो. इथे दहा मिनिटं संपतात, आकडा शून्यावर येतो आणि काहीच होत नाही. पान रिफ्रेश केलं की पुन्हा दहा मिनिटं. एकदा हे लक्षात आलेलं गिऱ्हाईक त्या दुकानाच्या खऱ्या मुदतीवरही विश्वास ठेवत नाही.

कायद्याची बाजूही आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 30 नोव्हेंबर 2023 रोजी डार्क पॅटर्न, म्हणजे गिऱ्हाइकाला फसवून निर्णय घ्यायला लावणाऱ्या क्लृप्त्या, यांविषयीची मार्गदर्शक तत्त्वं अधिसूचित केली. त्यातल्या 13 प्रकारांत पहिलाच प्रकार खोट्या घाईचा आहे. जून 2025 मध्ये ऑनलाइन विक्री करणाऱ्यांना आपापल्या साइटची तपासणी तीन महिन्यांत करून घ्यायलाही सांगितलं गेलं. ‘ॲपने तसं दाखवलं’ ही सबब फारशी कामाची नाही. पाटी दुकानावर लागते, ॲपवर नाही.

अपेक्षा किती ठेवावी? ऑनलाइन खरेदीचा अभ्यास करणाऱ्या बेमार्ड इन्स्टिट्यूटने अनेक अभ्यासांचे आकडे एकत्र केले आहेत, त्यानुसार सरासरी 70 टक्क्यांच्या आसपास कार्ट अर्धवट सुटतात. त्यांच्याच पाहणीत कारणांच्या यादीत सर्वांत वर आहे शेवटच्या पानावर वाढणारा खर्च: पाठवणी, कर, इतर आकार. 180 रुपयांच्या चटणीवर 70 रुपये कुरिअर शेवटी कळत असेल, तर टायमर काय करणार? आधी तो आकडा वस्तूच्या पानावर आणा, मग टायमरचा विचार करा. शिवाय बऱ्याच कार्ट फक्त बेरीज पाहण्यासाठी भरलेल्या असतात. त्या सुटणारच.

आता जो उपयोगी पडला तो. पाठवणीच्या टायमरची मुदत घड्याळावरून ठरत नाही, कुरिअरवाल्याच्या फेरीवरून ठरते. समजा पिकअप साडेचारला आहे. शेवटच्या तासाभरात साधारण 15 ऑर्डर येतात आणि एक डबा भरून, टेप मारून, लेबल चिकटवायला 6 मिनिटं लागतात. म्हणजे दीड तास. मुदत तीन वाजता येते. त्यात अर्धा तास सोडून अडीच धरा. फराळाच्या दिवसांत हाच हिशेब मोडतो, कारण चकली आणि अनारशांचं पॅकिंग मसाल्याच्या पाकिटासारखं होत नाही. तेव्हा मुदत बारावर आणावी, नाहीतर टायमर सरळ बंद ठेवावा. मुदत उलटल्यावर शून्य दाखवत बसू नये. ओळ आपोआप बदलून ‘आता दिलेली ऑर्डर उद्या निघेल’ अशी व्हायला हवी, आणि शनिवारी दुपारनंतर ‘सोमवारी निघेल’. पिकअप नसलेल्या तारखांची यादी हातानेच भरावी लागते. पुण्यात अनंत चतुर्दशीला रस्ते बंद असतात. त्या दिवशी ‘आज पाठवतो’ म्हणणं म्हणजे दुसऱ्या दिवशी फोन झेलत बसणं.

बिघाड सगळ्यात जास्त होतात ते वेळेच्या हिशेबात. ऑफर ‘रात्री 12 पर्यंत’ आहे आणि कोडमध्ये मुदत जागतिक प्रमाणवेळेत गेली, तर आपल्याकडे टायमर पहाटे साडेपाचला संपतो. कूपन मात्र दुकानाच्या सेटिंगमधल्या वेळेने मध्यरात्रीच बंद पडलेलं असतं. टायमर चालू, कूपन बाद, गिऱ्हाईक चिडलेलं. याउलट मुदत लिहिताना वेळेचा फरक अजिबात दिला नाही, तर ब्राउझर ती पाहणाऱ्याच्या स्थानिक वेळेत धरतो. न्यू जर्सीतून आईवडिलांना फराळ पाठवणाऱ्याला तीच ऑफर उन्हाळ्यात साडेनऊ आणि हिवाळ्यात साडेदहा तास जास्त चालू दिसते. उपाय एकच: तारीख आणि वेळेच्या शेवटी +05:30 लिहायचं, आणि मधे मोकळी जागा न ठेवता टी हे रोमन अक्षर घालायचं. मोकळी जागा ठेवलेली तारीख जुन्या सफारीला वाचता येत नाही आणि आकड्यांच्या जागी ‘नॅन’ (NaN, म्हणजे ‘हा आकडा नाही’) झळकतं. मुदतही 12 ऐवजी रात्री 11:59 लिहा. ‘शनिवारी रात्री 12’ म्हणजे नेमकी कोणती रात्र, यावरून वाद होतातच.

दुसरी चूक बहुतेक फुकटच्या कोडमध्ये असते: दर सेकंदाला आकड्यातून एक वजा करणं. यूपीआयने पैसे भरताना माणूस दुसऱ्या ॲपमध्ये जातो, पान मागे पडतं आणि ब्राउझर मागच्या पानाची कामं मंदावतो किंवा थांबवतो. परत आल्यावर टायमर मागे राहिलेला असतो. म्हणून दर वेळी मुदतीतून आत्ताची वेळ वजा करून नव्याने आकडा काढावा. सेकंदाचा ठोका फक्त दाखवण्यापुरता. काही फोनचं घड्याळही चुकलेलं असतं. पान उघडताना सर्व्हरची वेळ घेऊन फरक साठवला की ते निस्तरतं. मात्र ती वेळ कॅश झालेल्या (आधीच साठवून ठेवलेल्या) पानातून घेऊ नका, ती तासाभरापूर्वीची असू शकते.

दिसण्याबद्दल थोडंच. टायमर उशिरा उमटला की खालचं ‘चेकआउट’ बटण सरकतं आणि बोट भलतीकडे पडतं. त्याची उंची आधीच राखून ठेवा. सगळे अंक सारख्या रुंदीचे ठेवले नाहीत, तर दर सेकंदाला ओळ थरथरते. लाल रंग आणि लुकलुकणं नको. स्क्रीन रीडरला (अंध व्यक्तींना पान वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरला) दर सेकंदाला आकडा वाचायला लावू नका. बरीच ॲप नेमकं तेच करतात. आणि पाठवणीच्या टायमरला सेकंद लागतातच कशाला? ‘1 तास 20 मिनिटं’ पुरे.

तयार ॲप की स्वतःचा कोड? ॲप पाच मिनिटांत बसतं, पण स्वतःची वेगळी फाइल लोड करतं आणि काढून टाकल्यावरही त्याचे तुकडे कधीकधी थीममध्ये, म्हणजे दुकानाच्या पानांच्या साच्यात, राहतात. पाठवणीच्या टायमरला चाळीस-पन्नास ओळींचा कोड पुरतो. शॉपिफाय प्लस ही वरची महाग योजना नसेल तर चेकआउटच्या पैसे भरायच्या पायऱ्यांवर टायमर बसवताच येत नाही. कार्टमध्ये आणि वस्तूच्या पानावरच भागवावं लागतं. त्याने फार अडलंही नाही.

सुटलेल्या कार्टच्या ईमेलमधला टायमर पैसे घालवण्यासारखा वाटला. तो मुळात चित्र असतो, मेल उघडताना तयार होणारा. आयफोनवरचं मेल ॲप 2021 पासून गोपनीयतेसाठी चित्रं आधीच उतरवून ठेवू शकतं, त्यामुळे उघडताना जुना आकडा दिसतो. जुन्या आउटलुकमध्ये तर हलतं चित्र पहिल्याच चौकटीवर थिजतं. ‘कूपन गुरुवारी रात्री 11:59 पर्यंत’ हे साधं वाक्य जास्त भरवशाचं.

मोजमापात दोन गोष्टींनी फसगत होते. पहिली सीओडी, म्हणजे माल दारात आल्यावर पैसे. घाईत दिलेली ऑर्डर दारात नाकारली गेली, की जाण्या-येण्याचं कुरिअर अंगावर पडतं. म्हणून आलेल्या ऑर्डर मोजू नका. पोचलेल्या, पैसे आलेल्या ऑर्डर मोजा आणि सीओडी वेगळी काढा. दुसरी म्हणजे आकड्यांचा आकार. कार्टपैकी 30 टक्के ऑर्डर होत असतील आणि टायमरने त्या 33 वर जातात का हे खात्रीने पाहायचं असेल, तर टायमर असलेल्या आणि नसलेल्या गटांत प्रत्येकी साधारण 3,750 कार्ट लागतात. महिन्याला 500 कार्ट असलेल्या दुकानाला त्यासाठी 15 महिने हवेत. ‘आठवड्यात फरक दिसला’ म्हणणाऱ्याने बहुधा पगाराचा आठवडा मोजलेला असतो. त्यामुळे इथे टक्केवारी देत नाही. पाठवणीच्या टायमरचा फायदा दिसला तो वेगळ्याच जागी: ‘माझं पार्सल कधी निघेल?’ हे व्हॉट्सॲपवर विचारणं कमी झालं, आणि दुपारी अडीचनंतर पॅकिंगच्या टेबलावर नवी चिठ्ठी येणं थांबलं.