डेटा नेमका कोण ओढतो? टीसीपीव्ह्यूचा अनुभव

मोबाइलच्या हॉटस्पॉटवर लॅपटॉप चालवणाऱ्यांना हे चांगलेच ठाऊक असते की ब्राउझर बंद असला, तरी दिवसाचा कोटा कधी कधी दुपारीच संपून जातो. अशा वेळी विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये नेटवर्कच्या रकान्यावर क्लिक केल्यास सर्वाधिक डेटा वापरणारा प्रोग्राम वर येतो खरा, पण तो इंटरनेटवरील कोणत्या पत्त्याशी जोडलेला आहे, हे तिथे कळत नाही. त्यासाठी सिसइंटर्नल्स संचातील टीसीपीव्ह्यू हा मोफत प्रोग्राम मला सर्वांत भरवशाचा वाटतो. मार्क रसिनोविच आणि ब्राइस कॉग्सवेल यांनी उभा केलेला हा संच २००६ मध्ये मायक्रोसॉफ्टने घेतला आणि आजही तो त्यांच्याच संकेतस्थळावर मिळतो. इन्स्टॉल करण्याची गरज नाही. अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडले की पुरे.

यादीतील प्रत्येक ओळीत प्रोग्रामचे नाव, पोर्ट (कनेक्शनच्या दाराचा क्रमांक), पलीकडचा पत्ता आणि गेलेल्या-आलेल्या बाइट्सचे आकडे दिसतात. नवे कनेक्शन क्षणभर हिरवे होते, तर तुटलेले लाल. पहिल्यांदा ही धावती यादी पाहून गोंधळ उडतो, म्हणून आलेल्या बाइट्सच्या रकान्यावर क्लिक करून क्रम लावून घ्यावा.

या प्रोग्रामचा खरा कस लागतो तो 'एसव्हीसीहोस्ट' या नावापाशी. विंडोजच्या अनेक सेवा, म्हणजे पडद्यामागे चालणारे प्रोग्राम, याच एका नावाखाली चालत असल्याने नुसत्या नावावरून काहीच उलगडत नाही; २०२१ च्या चौथ्या आवृत्तीपासून मात्र त्या ओळीमागची सेवाही दिसू लागली आणि माझ्या मते ही सुधारणा सर्वांत मोलाची आहे. तिथे 'डीओएसव्हीसी' दिसले, तर ते डिलिव्हरी ऑप्टिमायझेशन, म्हणजे अपडेट्स उतरवणारी आणि सेटिंग चालू असल्यास ७६८० या पोर्टवरून इतर संगणकांनाही त्यांचे तुकडे पुरवणारी सेवा होय. ती प्रोसेस जबरदस्तीने बंद करण्याच्या फंदात पडू नये. सेवा पुन्हा सुरू होऊ शकते. विंडोज अपडेटच्या प्रगत पर्यायांत जाऊन इतर संगणकांशी होणारी ही देवाणघेवाण बंद करणे आणि हॉटस्पॉटला 'मीटर्ड कनेक्शन', म्हणजे मोजूनमापून वापरायचे कनेक्शन, ठरवणे, हाच योग्य इलाज आहे.

'एसव्हीसीहोस्ट' हेच नाव घेऊन घातक प्रोग्रामही लपू शकतात, त्यामुळे ओळीवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीजमध्ये फाइलचा पत्ता अवश्य पाहावा. मूळ फाइल विंडोजच्या सिस्टम ३२ फोल्डरात असते; तीच टेम्प (तात्पुरत्या फाइलींचे फोल्डर) किंवा डाउनलोड्समध्ये आढळली, तर नेट तोडून आधी अँटिव्हायरसची तपासणी करावी.

उणिवाही आहेत. यूडीपी या, आधी कनेक्शन न जोडताच डेटा पाठवणाऱ्या पद्धतीच्या ओळींत पलीकडचा पत्ता दिसत नाही आणि बरेच ब्राउझर आता 'क्विक' (QUIC) या नव्या प्रोटोकॉलमुळे यूडीपीही वापरत असल्याने ही उणीव जाणवते. जुनी नोंदही राहत नाही. महिन्याचा हिशेब हवा असणाऱ्यांनी विंडोजच्या सेटिंग्जमधील 'डेटा युसेज' पाहावे.