त्सुशिमा घ्यावा की शॅडोज?

दोन्ही गेम जुन्या जपानात घडतात. दोन्हींत तलवार, घोडा आणि भटकायला मोकळा मुलूख. बेळगावातली आपली पोरं दिवाळीत गल्लोगल्ली मातीचे किल्ले करत मोठी होतात. तट-बुरूज दिसला की आत शिरायची वाट आधी शोधतात. त्यामुळे ‘घोस्ट ऑफ त्सुशिमा’ घेऊ की ‘असॅसिन्स क्रीड शॅडोज’, असं विचारणारे नेहमी भेटतात. मी दोन्ही पीसीवर खेळलोय.

किल्ल्यांसाठीच घेणार असाल तर शॅडोजला तोड नाही. काळ 1579 पासूनचा, ओदा नोबुनागा या सरदाराचा. आझुची, हिमेजी असे किल्ले, आणि त्यात दिवे विझवत, जमिनीवर सरपटत शिरणारी नायिका, इगा प्रांताची निन्जा नाओए. ऋतू बदलतात तशी लपायची जागाही बदलते. उन्हाळ्यात जिथे दाट झाडोरा असतो तिथे थंडीत आडोसाच उरत नाही, तळी गोठतात. एवढं बारीक काम मी दुसऱ्या गेममध्ये पाहिलेलं नाही.

पण एक गोष्ट मला शेवटपर्यंत खटकली, ती म्हणजे लेव्हल, म्हणजे ताकदीचा आकडा. प्रत्येक प्रांताला आकडा, प्रत्येक शत्रूला आकडा. अंधारात तासभर टेहळणी करायची, पहारे चुकवायचे, अगदी पाठीशी जाऊन पातं खुपसायचं. आणि समोरच्याची लेव्हल जास्त म्हणून तो जिवंतच वळून अंगावर येतो! मग गनिमी काव्याला अर्थ काय राहिला? सेटिंगमध्ये एका वारात हमखास मारण्याचा पर्याय आहे, तो जरूर चालू करा, बराच फरक पडतो. तरी उघड्या लढाईत आकडे आडवे येतातच. राजहंसगडाच्या पायथ्याला कुणी ‘तुझी अजून पात्रता नाही’ म्हणून अडवावं, तसं मला वाटत राहिलं. कुणाला हे चालतही असेल. हत्यारं वाढवत बसायची आवड असलेल्यांना कदाचित यातच मजा येईल.

त्सुशिमात शत्रूच्या डोक्यावर आकडाच नाही. त्सुशिमा बेटावरची 1274 ची मंगोल स्वारी, आणि जिन साकाई हा उरलेल्या मोजक्या सामुराईंपैकी एक. ढालवाल्यापुढे एक पवित्रा, भालेवाल्यापुढे दुसरा. हात बसला की बसला. कोपऱ्यात नकाशा नाही. वाट विचारली की वारा सुटतो, गवत ज्या दिशेला झुकेल तिकडे घोडा वळवायचा. रात्री हेडफोन लावून हे खेळून बघा. इतिहास मात्र सैल आहे: जिन काल्पनिक, हायकू तर त्या काळानंतरचे. कोल्ह्यामागे धावून देवळी गाठायचं कामही पुढेपुढे तेच तेच होतं. पण मामांचा शब्द मोडून रात्री छावणीत शिरताना जिनची जी घालमेल होते, ती माझ्यापर्यंत पोचली. नाओएच्या सूडकथेत मी तितका गुंतलो नाही.

डाउनलोडचाही विचार करा. त्सुशिमाला 75 जीबी जागा लागते, शॅडोजला 115, तीही एसएसडी या वेगवान डिस्कवरच. आपल्याकडे पावसाळ्यात करंट कधी जाईल सांगता येत नाही, तेव्हा हा फरक छोटा नाही. त्सुशिमा जुन्या ग्राफिक्स कार्डावरही बरा चालतो.

एकच घ्यायचा असेल तर मी त्सुशिमाकडे बोट दाखवीन. शॅडोज नंतर सेलमध्ये बघा. पीसीवर त्सुशिमाचा डिरेक्टर्स कट, म्हणजे वाढीव आवृत्तीच मिळते, इकी बेटाची कथा त्यातच येते. फक्त ती दुसऱ्या अंकात पोचल्यावर उघडते, तोवर धीर धरा.