फॅट बर्नर सहा महिने: डबी संपल्यावर काय उरतं

पुण्यातल्या बऱ्याच जिमच्या काउंटरवर दिसणारी डबी: 60 कॅप्सूल, रोज दोन, हजार-दीड हजार रुपये. आत बहुतेक वेळा गार्सिनिया, ग्रीन टीचा अर्क आणि कॅफिन. निकाल आधीच सांगायचा तर जो काही परिणाम जाणवतो तो कॅफिनचा, आणि तोही थोडाच.

गार्सिनिया म्हणजे कोकमाचा भाऊबंद. त्यातलं आंबट आम्ल आमसुलातही असतं. चाचण्यांत त्याने पडलेला फरक सरासरी एक किलोच्याही आत. मग पहिल्या पंधरवड्यात काटा दोन किलो खाली कसा येतो? डबीसोबत ‘भात-साखर बंद’चा कागद येतो ना, त्यामुळे. पिष्ट कमी झालं की यकृत-स्नायूंमधला ग्लायकोजेनचा, म्हणजे साठवलेल्या साखरेचा, साठा घटतो आणि त्याने धरलेलं पाणी जातं. कागद गुंडाळला की पाणी हजर.

खरी गडबड झोपेची होते. संध्याकाळच्या व्यायामाआधी 200 मिलीग्रॅम कॅफिन आणि वर दोन चहा, की रात्री एकपर्यंत डोळा लागत नाही. दुसऱ्या दिवशी चार वाजता बाकरवडीचा डबा आपोआप उघडतो.

लेबलवर ‘प्रोप्रायटरी ब्लेंड’ (कंपनीचं खास मिश्रण) एवढंच लिहून घटकांचं प्रमाण दिलं नसेल तर डबी जागेवर ठेवून द्या. ग्रीन टी अर्कातलं मुख्य द्रव्य, ईजीसीजी, दिवसाला 800 मिलीग्रॅमच्या पुढे गेलं की यकृताची एन्झाइम्स वाढू शकतात. ‘हर्बल’ गोळ्यांत भूक मारणाऱ्या सिब्युट्रामिनची भेसळही सापडलेली आहे. हे औषध भारतात 2011 पासून बंद आहे. भूक एकाएकी मेली आणि छातीत धडधडायला लागलं, तर गोळी बंद करून डॉक्टर गाठायचा.

आता डबी सोडून तेलाचा डबा. चौघांच्या घरात महिन्याला 5 लिटर तेल लागत असेल तर माणशी रोज 40 मिलीच्या वर जातं. तेच 3 लिटरवर आणलं की माणशी महिन्याला अर्धा लिटर, म्हणजे सुमारे 4,100 कॅलरी वाचतात. एक किलो चरबीला 7,700 धरतात, म्हणजे कागदावर महिन्याला अर्धा किलो, फुकटात. फोडणीला पळी नको, 5 मिलीचा चमचा. महिन्याचं तेल पहिल्या तारखेलाच वेगळ्या बरणीत काढा, नाहीतर वीस तारखेनंतर हिशोब सुटतो. उपासाची साबुदाणा खिचडी ‘हलकी’ नसते; साबुदाणा निव्वळ पिष्ट, त्यात दाण्याचं कूट आणि तूप.

पर्वतीच्या 103 पायऱ्या चढून खाली तर्रीवाली मिसळ खाल्ली तर जमाखर्च उलटाच. तळजाई टेकडीवर आठवड्याला 150 मिनिटं भरभर चालणं आणि दोन दिवस वजन उचलण्याचा व्यायाम, एवढं पुरतं. वजनाचा व्यायाम टाळला तर चरबीबरोबर स्नायूही उतरतात.

तिसऱ्या महिन्यात काटा अडतोच. हलक्या शरीराला कमी इंधन लागतं, आणि मोजून वाढलेलं ताटही हळूहळू सैल पडतं. नेमकी इथेच दुसरी डबी विकली जाते. त्याऐवजी आठवडाभर तेल आणि फरसाण पुन्हा मोजा, आणि काट्यापेक्षा कमरेची टेप बघा: पुरुषांना 90, बायकांना 80 सेंटीमीटर ही आपल्याकडची हद्द.

अशा डब्यांपैकी घरात ठेवण्यासारखं दोनच. इसबगोल, 5 ग्रॅम, पूर्ण ग्लासभर पाण्यात. पाणी कमी पडलं तर पोट उलट गच्च होतं. आणि व्हे प्रोटीन (दुधाच्या निवळीतली प्रथिनं), तेही डाळ, उसळ, अंडी मिळूनही प्रथिनं कमी पडत असतील तरच. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर डॉक्टरला विचारूनच.