एव्हरेस्ट बेस कॅम्पचं गाइडेड पॅकेज, काही महिन्यांनी केलेला हिशोब

गेल्या ऑक्टोबरात बेस कॅम्प झाला, काठमांडूच्या एका एजन्सीचं पॅकेज घेऊन. आल्यापासून इंदूरात जो भेटेल तो विचारतो "किती लागले गं?" म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते.

पॅकेजच्या आकड्यावरून काही म्हणजे काही कळत नाही. आमच्याकडे आलेल्या कोटेशनांत जे सगळ्यात स्वस्त होतं त्यात वाटेतल्या नामचे आणि डिंगबोचे या गावांत उंचीची सवय व्हायला थांबायचा दिवसच नव्हता, सामान उचलणारा पोर्टर नव्हता आणि जेवणात फक्त नाश्ता. आता ३००० मीटरच्या वर झोपायची उंची रोज ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये, तीन-चार दिवसांनी एक दिवस थांबावं असं सांगतात, आपण इंदूरवाले साडेपाचशे मीटरवर राहणारे लोक, आणि बेस कॅम्प ५३६४ मीटरवर, जिथे हवेचा दाब इथल्या निम्म्याच्या जरासा वर, मग थांबायचा दिवस कापून काय वाचवलं? आम्ही महागाचं घेतलं आणि ते जास्तीचे पैसे वसूल झाले असं आजही वाटतं. गाइडदादा रोज संध्याकाळी प्रत्येकाच्या बोटाला ऑक्सिमीटर लावून आकडा वहीत लिहायचे, जेवण गेलं का, डोकं दुखतंय का, विचारायचे. ग्रुपमधल्या एका काकांना डिंगबोचेला त्यांनी आणखी एक दिवस थांबवलं, बरोबर असिस्टंट गाइड ठेवून. एकच गाइड असता तर सगळा ग्रुप अडकला असता, म्हणून किती जणांमागे किती गाइड हे आधी विचाराच.

आता पॅकेजबाहेरचं. ट्रेक जिथून सुरू होतो त्या लुक्लाची विमानं सीझनमध्ये बहुतेक काठमांडूहून नाही, रामेछापहून उडतात, म्हणजे मध्यरात्री काठमांडूहून जीपमध्ये बसून चार-पाच तास. ती जीप पॅकेजमध्ये आहे का ते बघा, आणि हवा बिघडून विमान रद्द झालं तर हॉटेलचा खर्च कोणाचा तेही. विमानात सामान साधारण १५ किलो. सगरमाथा नॅशनल पार्कची फी सार्कवाल्यांना, म्हणजे भारतासारख्या शेजारी देशांतल्यांना, १५०० नेपाळी रुपये, बाकी परदेशींना ३०००, आमच्या आधीच्या कोटेशनमध्ये सरसकट परदेशी रेट लावला होता, दाखवल्यावर कमी केला. भारतीय १०० म्हणजे नेपाळी १६०, हे डोक्यात पक्कं असू द्या.

लुक्लाच्या वर गाडीरस्ता नाही, सगळं माणसाच्या, खेचराच्या नाहीतर याकच्या पाठीवर येतं, त्यामुळे जसं वर जावं तसा चहापासून सगळ्याचा भाव चढतो. बेस कॅम्पच्या आधीच्या शेवटच्या मुक्कामाला, गोरक्षेपला, काउंटरवर एक्स्टेंशन बोर्ड, त्यात फोनांची ही गर्दी, आणि चार्जिंगचे पैसे वेगळे. गरम पाणी, वायफाय, अंघोळ, सगळं वेगळं. चांगली पॉवर बँक न्या. डाळ-भात घ्या, परत वाढतात.

इन्शुरन्स मात्र स्वस्तातला नको. साध्या ट्रॅव्हल पॉलिसीत इतक्या उंचीचा ट्रेक बऱ्याचदा बसतच नाही, ६००० मीटरपर्यंत ट्रेकिंग आणि हेलिकॉप्टरने खाली आणणं असं स्पष्ट लिहिलेलं हवं. हेलिकॉप्टर बोलवायच्या आधी शक्य असेल तर विमा कंपनीला फोन करा, २०१८ मध्ये नेपाळ सरकारने खोट्या रेस्क्यूच्या बिलांची चौकशी केली होती, तेव्हापासून कंपन्या बारकाईने बघतात.

सामानाचं म्हणाल तर डाउन जॅकेट आणि स्लीपिंग बॅग काठमांडूच्या ठमेल बाजारात भाड्याने घेतली, इंदूरात ती घेऊन करायचं काय. बूट मात्र स्वतःचे, तीन महिने आधी घेतलेले, इंदूरजवळच्या जानापाव डोंगरावर चढून-उतरून मऊ केलेले. आता पावसाळ्यात चोरलच्या चिखलातही तेच चालतात, सोल अजून शाबूत आहे.

टिपचे पैसे सुरुवातीलाच वेगळ्या पाकिटात ठेवा. दोघांच्या बॅगा एक पोर्टर उचलतो, कपाळाला पट्टा, त्याला नाम्लो म्हणतात, वर त्याची स्वतःची पिशवी. आमच्या पोर्टरभाऊंचे बूट आमच्यापेक्षा किती साधे होते ते बघून मला फार वाईट वाटलं. पुढच्या वर्षी अन्नपूर्णाचं बघतोय, एजन्सीला पाठवलेल्या मेलमध्ये पहिलाच प्रश्न टाकलाय की पोर्टरला किती किलो देता आणि त्याचा विमा काढता का.