परदेशात भाड्याची गाडी आणि एक्सेसची वार्षिक पॉलिसी: नऊ महिन्यांच्या वापरानंतर

भाड्याच्या गाडीचं नुकसान झालं तर आपल्या खिशातून जाणारा हिस्सा म्हणजे एक्सेस. तो भरून देणारी वार्षिक पॉलिसी मी गेल्या सप्टेंबरात घेतली. त्यानंतर ऑक्टोबरात इटलीत ८ दिवस, फेब्रुवारीत न्यूझीलंडला ९ दिवस आणि मे महिन्यात कॅलिफोर्नियात ६ दिवस भाड्याची गाडी चालवली. या काळात एक क्लेम केला, तो मिळाला. एक दंड भरला, त्यातला एक पैसाही परत आला नाही. पॉलिसी संपायला आता तीन महिने उरलेत. कंपन्यांची नावं लिहीत नाही, कारण अटी कंपनीगणिक बदलतात. पण गोंधळ सगळीकडे सारखाच होतो आणि तो मला निघण्याआधी कुणी समजावून सांगायला हवा होता, असं फार वाटलं.

गोंधळाचं मूळ आपल्या इथल्या सवयीत आहे. मुलुंडला आमची १२०० सीसीची गाडी आहे, विमा फर्स्ट पार्टी, म्हणजे आपल्या गाडीचं नुकसानही धरणारा, आणि झिरो डेप, म्हणजे सुट्या भागांचा घसारा न कापणारा. काही लागलं तर गॅरेजवाले म्हणतात, "मॅडम, फक्त फाइल चार्ज भरा." १५०० सीसीपर्यंत १,००० रुपये, त्यावरच्या गाडीला २,०००. किरकोळ सामान सोडलं तर खिशातून जातं ते एवढंच. म्हणून इटलीच्या बुकिंगवर विमा समाविष्ट असल्याचं वाचलं आणि मी निर्धास्त झाले. नवऱ्याने व्हाउचरचं दुसरं पान उघडून समोर धरलं. तिथे लिहिलं होतं: एक्सेस १,८०० युरो.

एक्सेस म्हणजे आपला फाइल चार्जच. फक्त हजार रुपयांच्या जागी तेव्हाच्या दराने १ लाख ८५ हजारांचा. गाडीला ओरखडा पडो की दार चेपो, १,८०० युरोपर्यंतचा खर्च माझा, त्यापुढचा त्यांचा. भाड्यात जे सीडीडब्ल्यू (कोलिजन डॅमेज वेव्हर) म्हणून मिळतं, तो खरं तर विमासुद्धा नाही. एवढ्या रकमेच्या वर तुमच्याकडून वसूल करणार नाही, असं गाडीवाल्या कंपनीने दिलेलं ते वचन आहे. आणि त्या वचनात टायर, काचा, गाडीचा तळ, छप्पर, किल्ली हे बहुतेक वेळा धरलेलंच नसतं. म्हणजे मुंबईच्या खड्ड्यांत आपण ज्याला सर्वांत जास्त भितो तेच नेमकं बाहेर.

ही रक्कम शून्यावर आणायला दोन वाटा आहेत. पहिली म्हणजे काउंटरवर मिळणारं सुपर कव्हर. इटलीत मला दिवसाला २६ युरो सांगितले, ८ दिवसांचे २०८. दुसरी म्हणजे बाहेरच्या विमा कंपनीकडून फक्त एक्सेसपुरती पॉलिसी. मी वर्षभराची, जगभर चालणारी घेतली, सगळं धरून ९,४०० रुपयांना. घेताना एक गोष्ट डोळ्यांत तेल घालून पाहिली, ती म्हणजे भारतात राहणाऱ्याला ती चालते का. अशा कितीतरी पॉलिसी फक्त ब्रिटन किंवा युरोपातल्या रहिवाशांसाठी असतात. पैसे भरताना कुणी अडवत नाही, क्लेमच्या वेळी अडवतात.

विमानतळावरच्या काउंटरवर मी म्हटलं, माझी पॉलिसी आहे. समोरची मुलगी शांतपणे म्हणाली, "ती आम्ही मानत नाही." पोटात गोळा आला. पण ती खरं तेच सांगत होती. त्यांच्या लेखी माझी पॉलिसी नाहीच. नुकसान झालं तर ते माझ्या कार्डवरून पैसे कापणार, मग मी ते माझ्या विमा कंपनीकडे मागायचे. आधी आपण भरायचं, मग परत मिळवायचं. काउंटरचं कव्हर घेतलं तर हा फेरा नाही, किल्ली टेबलावर ठेवून विमान पकडायचं. जास्तीचे पैसे त्या सुखाचे आहेत आणि ज्यांना कागदपत्रांचा कंटाळा आहे त्यांनी ते द्यावेत, यात काही चूक नाही.

काउंटरचं कव्हर नाकारलं की डिपॉझिट वाढतं. माझ्या कार्डवर २,००० युरो ब्लॉक झाले. दोन लाखांची मर्यादा आठ दिवस अडकून पडली आणि परतल्यावर मोकळी व्हायला आणखी अकरा दिवस गेले. कार्ड क्रेडिटच लागतं आणि ते मुख्य चालकाच्या नावाचं असावं लागतं. माझ्या शेजारी पुण्याचं एक जोडपं उभं होतं. क्रेडिट कार्ड काकांच्या नावाचं, बुकिंग काकूंच्या नावाचं, आणि काकूंकडे फक्त फॉरेक्स कार्ड. डिपॉझिटला ते चाललं नाही. तास घालवून शेवटी काकांच्या नावाने नव्या, महागड्या दराने गाडी घ्यावी लागली. मशीनवर रक्कम रुपयांत हवी की युरोत असं विचारलं तर युरो निवडा. रुपयांचा तिथला दर आपल्या बँकेपेक्षा वाईटच असतो.

आता क्लेमचं. मोन्तेपुल्चानो हे डोंगरावरचं गाव, दगडी भिंतींचं. गावाबाहेरच्या पार्किंगमध्ये उतारावर गाडी लावताना उजवीकडून घर्र असा आवाज आला. आपण आयुष्यभर उजव्या बाजूला बसून गाडी चालवतो, गाडीचा पसारा डावीकडे असतो आणि त्याचा अंदाज हाताला बसलेला असतो. तिथे स्टिअरिंग डावीकडे, सगळी गाडी उजव्या अंगाला, आणि भिंत नेमकी तिकडे. पुढचं चाक आणि बंपरचा कोपरा घासला गेला. अठरा वर्षं मुंबईत गाडी चालवते, एलबीएस रोडवर कधी एवढं वाईट वाटलं नव्हतं.

परत करताना टॅब्लेट घेतलेला माणूस गुडघ्यावर बसला. खिशातून पारदर्शक प्लॅस्टिकची पट्टी काढली, तिच्यावर छापलेलं वर्तुळ ओरखड्यावर धरलं. वर्तुळात मावला तर सोडून द्यायचा, बाहेर गेला तर नुकसान. माझा बाहेर गेला. दुरुस्ती ६४० युरो आणि फाइल हाताळण्याचे ५०, मिळून ६९०.

विमा कंपनीने मागितलं ते असं: भाडेकराराची प्रत, परतीचा डॅमेज रिपोर्ट, खर्चाचा तपशील असलेलं अंतिम बिल, कार्डचं स्टेटमेंट, लायसन्स आणि फोटो. दुसऱ्या गाडीला किंवा माणसाला लागलं असतं तर पोलिसांचा रिपोर्टही. यातलं तपशीलवार बिल मिळवणं सर्वांत जिकिरीचं. पहिल्यांदा नुसता आकडा आला. तीन ईमेल केल्यावर चाकाचे किती, बंपरचे किती असं वेगळं करून दिलं. ते हाती आल्यावर क्लेम टाकला आणि सात आठवड्यांनी पूर्ण ६९० युरो खात्यात आले. टायर-चाकं गाडी कंपनीच्या सीडीडब्ल्यूत नव्हती, माझ्या पॉलिसीत होती. या एका कारणासाठी मी तिला मनापासून चांगलं म्हणेन. मिळालं नाही ते परकीय चलनातल्या खर्चावर बँक कार्डवर लावते ते ३.५ टक्के मार्कअप आणि त्यावरचा १८ टक्के जीएसटी, सुमारे २,९०० रुपये. ते नुकसान माझंच.

क्लेम अडला नाही याचं श्रेय मी गाडी घेतानाच्या व्हिडिओला देते. किल्ली मिळाल्यावर लगेच निघायचं नाही. चारही चाकं जवळून, काचा, छप्पर, पेट्रोलचा काटा, किलोमीटर, सगळं एका सलग व्हिडिओत घ्यायचं. पहिल्याच गाडीच्या मागच्या दारावर एक जुनी रेघ होती, करारावरच्या चित्रात ती दाखवलेली नव्हती. परत जाऊन लिहून घेतली. परतीला त्या माणसाचं बोट तिच्यावरही गेलं होतं.

दंडाची गोष्ट मात्र वेगळी. इटलीच्या जुन्या शहरांत झेडटीएल म्हणजे परवान्याशिवाय गाडी न्यायला बंदी असलेले भाग असतात, तोंडाशी कॅमेरा. पाट्या इटालियनमध्ये, लाल कडेचं पांढरं वर्तुळ. फ्लॉरेन्समध्ये हॉटेल शोधता शोधता मी आत गेले आणि मला कळलंही नाही. डिसेंबरात गाडी कंपनीने कार्डवरून ४५ युरो कापले. मला वाटलं, दंड भरला गेला, सुटले. ती नुसती माझं नाव-पत्ता पोलिसांना कळवण्याची फी होती. खरा दंड एप्रिलमध्ये रजिस्टर पोस्टाने मुलुंडच्या घरी आला, टपालखर्च धरून शंभर युरोच्या वर. परदेशात राहणाऱ्याला नोटीस पाठवायला त्यांच्या कायद्यात ३६० दिवसांची मुदत आहे, तेव्हा सहा महिने काही आलं नाही म्हणजे सुटलो असं समजू नये. पाच दिवसांत भरला तर ३० टक्के सूट मिळते, म्हणून पाकीट फोडलं त्याच संध्याकाळी भरला. एक्सेस पॉलिसी सहसा दंड आणि त्यावरची फी देत नाही. हॉटेल जुन्या गावात असेल तर आधी फोन करून गाडीचा नंबर त्यांच्याकडून नोंदवता येतो का ते विचारा.

न्यूझीलंड सोपं गेलं. गाडी डाव्या बाजूने, स्टिअरिंग आपल्यासारखं उजवीकडे. एक्सेस ३,५०० न्यूझीलंड डॉलर, काउंटरचं कव्हर दिवसाला ३२ डॉलर, ते नाकारलं. तिथे अपघातात कुणाला इजा झाली तर उपचाराचा भार एसीसी ही सरकारी योजना उचलते, चूक कुणाची हे न पाहता, पाहुण्यांचासुद्धा. १९७४ पासून ती चालू आहे आणि त्यामुळे इजेच्या भरपाईसाठी खटल्याची भीती राहत नाही. पण समोरच्याच्या गाडीच्या नुकसानाचा विमा तिथे सक्तीचा नाही, म्हणून करारात तो आहे ना हे मी दोनदा वाचलं. रस्त्यांची यादीही वाचा. क्वीन्सटाऊनजवळचा स्किपर्स रोड, नाइन्टी माइल बीच अशा ठिकाणी गाडी नेली की भाडेकरारातलं सगळं कव्हर संपतं, आणि ते संपलं की माझ्या पॉलिसीलाही हात लावता येत नाही. तिचा पायाच मूळ करारावर उभा आहे. ज्याचं नाव करारात चालक म्हणून नाही त्याने गाडी चालवली तरी हेच. म्हणून नवऱ्याला मी पार्किंगमध्येसुद्धा स्टिअरिंग दिलं नाही.

अमेरिकेत माझी पॉलिसी जवळजवळ निरुपयोगी ठरली, आणि हे मला सर्वांत उशिरा कळलं. दादा-वहिनी फ्रीमाँटला राहतात. दादाने तिकडच्या साइटवर दिवसाला ३८ डॉलरची गाडी शोधून ठेवली होती. वहिनीने अडवलं. म्हणाली, "अगं, गाडीचं काय घेऊन बसलीस? समोरच्याला लागलं तर?" आपल्याकडे थर्ड पार्टी विम्यात मृत्यू किंवा इजेच्या भरपाईला कमाल मर्यादा नाही, तेव्हा हा प्रश्न डोक्यात येतच नाही. कॅलिफोर्नियात कायद्याने सक्तीची किमान मर्यादा १ जानेवारी २०२५ पासून वाढली, तरी ती एका माणसाच्या इजेला ३०,००० डॉलर, एका अपघाताला ६०,००० आणि मालमत्तेला १५,००० एवढीच आहे. तिथल्या हॉस्पिटलच्या बिलापुढे ३०,००० किती टिकणार? वरचं सगळं चालवणाऱ्याच्या डोक्यावर. एक्सेस पॉलिसी फक्त भाड्याच्या गाडीच्या नुकसानाशी बांधलेली, तिचा इथे काही संबंध नाही. माझ्या प्रवास विम्यात पर्सनल लायबिलिटी, म्हणजे आपल्यामुळे दुसऱ्याचं नुकसान झालं तर त्याची भरपाई, होती, ती वाचली, तर मोटार वाहनामुळे येणारी जबाबदारी त्यातून स्पष्ट वगळलेली.

दादाच्या त्या ३८ डॉलरमध्ये गाडीच्या नुकसानाचं वेव्हरही नव्हतं. म्हणजे एक्सेस नाही, अख्ख्या गाडीची किंमत माझ्यावर. मग राहण्याचा देश भारत निवडून तीच गाडी शोधली. दिवसाला ६१ डॉलर, पण त्यात वेव्हरही होतं आणि १० लाख डॉलरपर्यंत थर्ड पार्टी जबाबदारीही. सहा दिवसांत १३८ डॉलर जास्त गेले. जास्त गेले म्हणून एक क्षणही वाईट वाटलं नाही. गोल्डन गेट पुलावर टोल घ्यायला माणूस नसतो, नंबर प्लेटचा फोटो निघतो. गाडी कंपनीच्या टोल योजनेत गेलात तर टोलशिवाय रोजची फी लागते. तो मी आपण होऊन ऑनलाइन भरला.

लायसन्सबद्दल थोडंसं. इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट वडाळा आरटीओतून काढलं, फी १,००० रुपये, मुदत एक वर्ष. सप्टेंबरात काढल्यामुळे तिन्ही प्रवासांना तेच चाललं. सोबत मूळ लायसन्सचं कार्ड लागतंच, फोनमधली डिजिलॉकरची प्रत काउंटरवर चालली नाही. इटलीत परमिटशिवाय चालवलं तर दंड होतोच, वर अपघात झाला तर विम्यालाही बोट ठेवायला जागा मिळते.

इटली आणि न्यूझीलंड या दोन्ही देशांत काउंटरची कव्हर घेतली असती तर ३६,००० रुपयांच्या आसपास गेले असते. माझे ९,४०० आणि मार्कअपचे २,९०० गेले, शिवाय ईमेल लिहिण्यात गेलेल्या चार-पाच संध्याकाळी. सप्टेंबरात पॉलिसी पुन्हा घेणार आहे, कारण दिवाळीनंतर पोर्तुगालचा बेत आहे. या वेळी सासूबाई बरोबर असतील. परतीच्या दिवशी विमान आणि गाडी परत करण्याची वेळ यांत मी तीन तास ठेवलेत, म्हणजे तो पट्टीवाला माणूस गाडीभोवती फिरून होईपर्यंत मला तिथे उभं राहता येईल.